भीमगड काय वाघांनी बांधला होता?

गेल्या सोमवारी रात्री साडेनऊला आत्तीचा फोन आला. तिकडं रेंज हवी असेल तर घरामागच्या काजूखाली जाऊन उभं राहावं लागतं, आणि सध्या दिवस बुडाला की गव्यांच्या भीतीनं कुणी अंगण ओलांडत नाही. त्यामुळं तिचं नाव बघून पोटात गोळाच आला. म्हटलं, कोण गेलं?

कुणी गेलं नव्हतं. भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी आलेला मेसेज नातीनं तिला वाचून दाखवला होता.

"आमी ऱ्हाऊन रानाला रोग लागलाय म्हणं. आमच्यामुळं वाघ येईनात म्हणं. खरं काय रे ते?"

आत्ती आता चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, जांबोटीच्या पलीकडं, आज ज्याला भीमगड अभयारण्य म्हणतात त्या रानातल्या गावात ती लग्न होऊन गेली तेव्हा सतराची होती. तेव्हा अभयारण्य नव्हतं, रस्ताही नव्हता. अभयारण्य नंतर आलं, रस्ता अजून यायचा आहे. "झोप जा, उद्या बोलू," असं तिला म्हटलं खरं, पण माझीच झोप उडाली.

मेसेज तुमच्याकडंही आला असेल. ‘माणूस नावाचा रोग’ असा मथळा, खाली रडणारी पृथ्वी आणि सात मुद्दे. ज्यांच्याकडं आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक, माणूस येण्याआधी सगळीकडं अस्पर्श जंगल होतं आणि माणसाचा हात लागला की निसर्ग मरतो. दोन, वजनाच्या हिशेबात माणूस सजीवसृष्टीच्या ०.०१ टक्का, पण त्यानं ८३ टक्के रानटी सस्तन प्राणी संपवले. तीन, लॉकडाउनमध्ये माणूस घरात बसला आणि व्हेनिसच्या कालव्यांत डॉल्फिन आले. चार, गुरं चरली की जंगल संपतं. पाच, लोकसंख्या निम्मी झाली की सगळं आपोआप ठीक होईल. सहा, रिकाम्या माळांवर कोटी झाडं लावा, जंगल तयार. आणि सात, हा वेगळ्या फॉन्टात आहे, म्हणजे आपल्याकडच्याच कुणीतरी मागून चिकटवलेला: खानापूर तालुक्यातली भीमगडच्या रानातली गावं उठवा, जंगल मूळ रूपात येईल, वाघ आपोआप येतील.

ग्रुपवर टाकणारा माझा सख्खा पुतण्या. बेंगळुरात नोकरीला आहे. पोरगा मनानं चांगला, रविवारी ट्रेकला जातो, झाडांचे फोटो काढतो. ग्रुपवरच उत्तर दिलं असतं तर भावकीत महाभारत झालं असतं, म्हणून इथं लिहितोय. मुद्दे क्रमानं घेत नाही. ज्या मुद्द्यानं म्हातारीला अंधारात काजूखाली उभं केलं तो आधी.

जंगल ‘मूळ रूपात’ येईल म्हणे. मूळ रूप म्हणजे कुठल्या सालचं, तेवढं सांगा.

अभयारण्य जाहीर झालं डिसेंबर २०११ मध्ये, साधारण १९० चौरस किलोमीटरचं. त्याला नाव दिलं भीमगडचं. आता भीमगड हा शिवकालीन किल्ला आहे. तो काय वाघांनी बांधला होता? गोव्याकडच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायला डोंगरमाथ्यावर किल्ला उभा करायचा म्हणजे दगड फोडणारे आले, चुना भाजणारे आले, शिबंदी आली, शिबंदीच्या पोटाला धान्य आलं, जनावरांना वैरण आली, आणि हे सगळं वर चढवायच्या वाटा आल्या. त्या वाटा माणसांच्या पायांनी पडल्या. ज्या जंगलाला आपण माणसाच्या वास्तूचं नाव दिलं तिथंच माणूस उपरा ठरवायचा, ही कमालच आहे.

आणखी मागं जायचंय? त्याच तालुक्यात हलशी आहे. कदंबांची ही दुसरी राजधानी, त्यांचे पाचव्या शतकातले ताम्रपट तिथं सापडलेत. दीड हजार वर्षांपूर्वी राजधानी होती म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वी सरपण होतं, इमारती लाकूड होतं, गुरं होती, भाताची खाचरं होती. पुढं सह्याद्रीच्या या उतारांवर कुमरी चालायची. रानाचा तुकडा तोडून-भाजून एकदोन वर्षं नाचणी-वरी काढायची, मग तो सोडून पुढं सरकायचं, वर्षांनी परत यायचं. इंग्रजांच्या जंगलखात्याला हे खपलं नाही, कारण त्यांना सागवान हवं होतं. मुंबई इलाख्यात १८४७ पासून स्वतंत्र वनसंरक्षक नेमला गेला आणि बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यातच होतं. मग १८८० च्या दशकात लोंढ्यावरून मुरगावकडं जाणारी रेल्वे आली. रुळाखालचे स्लीपर कुठल्या झाडांचे होते, ते विचारायची गरज नाही.

तर साहेब, तुमचं मूळ रूप कुठलं? कुमरी बंद झाल्यानंतरचं, रेल्वेआधीचं, शिवकाळातलं, की कदंबांच्या आधीचं? यांतल्या प्रत्येक काळी तिथं माणूस होता.

हे मी गावच्या अभिमानातून बोलतोय असं वाटेल, म्हणून बाहेरचा पुरावा देतो. एर्ल एलिस नावाचे अमेरिकन पर्यावरणशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी पुरातत्त्वज्ञ आणि इतर शास्त्रज्ञांना बरोबर घेऊन गेल्या बारा हजार वर्षांत जगाची जमीन कुणी कशी वापरली याचे नकाशे तयार केले, आणि २०२१ साली ते काम अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात छापून आलं. निष्कर्ष असा की १२,००० वर्षांपूर्वीसुद्धा पृथ्वीवरची जवळपास तीन चतुर्थांश जमीन माणसाच्या वावराखाली होती. उष्ण कटिबंधातली ९० टक्क्यांहून जास्त वनं त्यात आली. आज आपण ज्या जागांना ‘नैसर्गिक’, ‘अबाधित’, ‘रानटी’ म्हणतो, त्यांतल्या बहुतेकांना माणसाच्या वापराचा लांबलचक इतिहास आहे. राखीव जंगलांनाही आहे. आणि ज्यासाठी मी हे सगळं सांगतोय तो भाग पुढंच आहे. आज जैवविविधतेवर जे संकट आलंय त्याचं कारण ‘माणूस पहिल्यांदाच अस्पर्श जंगलात घुसला’ हे क्वचितच असतं. आधीच्या लोकांनी हजारो वर्षं वापरून, सांभाळून ठेवलेली जमीन दुसऱ्या कुणीतरी ताब्यात घेतली आणि ती ओरबाडून वापरायला सुरुवात केली, तिथून ऱ्हास सुरू होतो.

पहिल्या मुद्द्याचा निकाल इथंच लागला, त्याच्यासाठी वेगळी शाई खर्चत नाही. फक्त एक आपल्या जिल्ह्यातलं सांगतो. गोकाकजवळ धुपदाळला इंग्रजांच्या काळात घटप्रभेवर बंधारा घातला. पाणी साठलं, गाळाची बेटं झाली, आजूबाजूला शेतं भिजली, आणि हिवाळ्यात दूरदेशीचे करकोचे-बगळे उतरायला लागले. आज ते घटप्रभा पक्षी अभयारण्य आहे. माणसाचा हात लागला की निसर्ग मरतो म्हणणाऱ्यांनी जानेवारीत तिथं जाऊन पक्ष्यांना विचारावं.

पुन्हा सातव्याकडं येतो. माणसं काढली की वाघ येतील, यात एक मजा आहे. वाघ आहेतच. भीमगडला लागून पलीकडं काळी व्याघ्र प्रकल्प आहे, खाली गोव्याचं म्हादई अभयारण्य आहे, वाघ या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरतात, आणि आत्तीच्या गावातली माणसं तिथं असतानाच फिरतात. वाघच कशाला, भीमगडच्याच रानातल्या तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहा घ्या. तिथलं रॉटनचं वटवाघूळ १९१३ साली शास्त्राला कळलं आणि पुढं कित्येक दशकं जगात दुसरीकडं कुठं सापडलंच नाही. जगातलं इतकं दुर्मीळ जनावर ज्या गावाच्या शेजारी इतकी वर्षं टिकलं, त्या गावाला रोग म्हणायचं?

देशाचे आकडे बघायचे तर २००६ ला वाघ होते १,४११, २०२२ ला ३,६८२. या काळात देशातली माणसं काही कमी झाली नाहीत. २०२५ च्या जानेवारीत भारतीय वाघांवर एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. वाघांच्या वावराखालच्या क्षेत्रापैकी साधारण ४५ टक्के क्षेत्रात माणसंही राहतात, सुमारे सहा कोटी, असं त्यात निघालं. न्यायानं सांगायचं तर त्याच अभ्यासात हेही आहे की वाघाला पिल्लं वाढवायला शांत, राखीव गाभा लागतो. ते मी नाकारत नाही. पण ‘माणूस असेल तिथं वाघ नसतो’ हे वाक्य मात्र कचऱ्यात टाकायच्या लायकीचं आहे.

आपल्याच राज्यात चामराजनगरला बीआरटी व्याघ्र प्रकल्प आहे. बिळिगिरी रंगनाथ स्वामींच्या मंदिरावरून त्याचं नाव. म्हणजे इथं किल्ला, तिथं देऊळ. तिथं सोलिग नावाचे आदिवासी पिढ्यान् पिढ्या राहतात. २०११ साली त्यांचे सामूहिक वनहक्क मान्य झाले, व्याघ्र प्रकल्पाच्या आत असं होण्याची देशातली ती पहिली वेळ. गणनेत तिथं २०१० ला ३५ वाघ होते, २०१४ ला ६८ निघाले. सोलिग असल्यामुळं वाघ वाढले, असा उलटा अतिरेक मी करणार नाही. ते असूनही वाढले, एवढंच म्हणतो, आणि मेसेज खोटा पाडायला एवढं पुरेसं आहे.

त्या सोलिगांची खरी गोष्ट तर वेगळीच आहे. ते हिवाळा सरता सरता रानातला वाळलेला पाचोळा हलकेच पेटवायचे. त्याला ते तरगु बेंकी म्हणतात, आणि या दोन शब्दांचा अर्थ बेळगावकराला सांगायला नको. अभयारण्य झाल्यावर आग लावणं गुन्हा ठरलं. मग काय झालं? घाणेरी माजली. विलायतेतल्या बागांसाठी म्हणून अमेरिकेतून आणलेलं आणि १९ व्या शतकाच्या सुरुवातीला आपल्याकडं शोभेला लावलेलं ते झुडूप. १९९७ च्या पाहणीत निम्म्याहून कमी ठिकाणी घाणेरी होती, २००८ च्या पाहणीत पाचातल्या चार ठिकाणी. सोलिग म्हणत राहिले की आमची आग लहान असताना ती घाणेरीचं बी आणि कोवळी रोपं जाळायची. आता आग बंद, रान घाणेरीनं भरलं, आणि भरलेल्या रानाला आग लागली की ती झाडाच्या शेंड्यापर्यंत जाते. शास्त्रज्ञांनी हे म्हणणं गंभीरपणे घेतलं, तपासलं. आपल्या खानापुरात घाणेरीच्या जोडीला रानमोडी नावाचं तण आहे, नावातच सगळं आलं. आत्तीच्या गावात ज्या गोठणीवर म्हशी बसायच्या तिथं, गुरं कमी झाल्यापासून, कमरेएवढी रानमोडी आहे. चितळाच्या तोंडाला तिथं काय लागणार?

आता गुळगुळीत बोलून चालणार नाही. मेसेजमधलं खरं ते मान्य करायला पाहिजे, मला ते करायला आवडत नसलं तरी. २०२० च्या जानेवारीत गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, म्हादई अभयारण्यात, गोळावलीजवळ एक वाघीण आणि तिची तीन पिल्लं मेलेली सापडली. वाघानं गुरं मारली म्हणून मेलेल्या जनावरात विष घातलेलं. हे आपल्या डोंगराच्या पलीकडच्या उतारावर झालं, आपल्यासारख्याच लोकांकडून झालं. आमच्या गावातही फास लागतात. डुकरांसाठी गावठी बाँब ठेवतात आणि त्यात भलतंच जनावर मरतं. माझ्या एका मामाकडं बंदूक होती, आणि लहानपणी डुकराचं मटण मी मिटक्या मारत खाल्लंय. आता सांगायला लाज वाटते, पण लपवून कुणाशी भांडू? मात्र विष घालणारा माणूस ‘रोग’ म्हणून विष घालत नाही. त्याची दुभती म्हैस गेलेली असते, तिच्यावर घर चालत असतं, आणि भरपाईचा कागद कुठल्यातरी टेबलावर पडलेला असतो. आत्तीचं भात गव्यांनी तुडवलं त्याला दोन पावसाळे झाले. पंचनामा झाला, फोटो झाले, अर्ज झाला. पैसे नाहीत. तिनं विष घातलं नाही, ती शिव्या घालते. सगळ्यांना शिव्यांवर भागत नाही.

आणि पुनर्वसन. ज्याला रानातून उठायचंय त्यानं जरूर उठावं. तळेवाडीच्या कुटुंबांनी घरटी १५ लाख घेऊन बाहेर पडायला होकार दिला, त्यांना मी नावं ठेवणार नाही. आजारी माणसाला पावसाळ्यात डोलीत घालून ओढे ओलांडत आणायचं, बाळंतिणीला वाटेत बाळ व्हायचं, पोरांना शाळा नाही, वीज नाही. मला तिथं ठेवलं असतं तर मी १५ लाखांची वाटसुद्धा बघितली नसती. पण ही माणसं कंटाळून उठली. तिथं रस्ता, दवाखाना दिला नाही म्हणून उठली. त्यांच्या उठण्याला ‘जंगल वाचवलं’ असं गोंडस नाव देऊ नका. २००६ चा वनहक्क कायदासुद्धा असं म्हणत नाही. संरक्षित क्षेत्रातून कुणाला हलवायचं तर आधी सहजीवनाचा दुसरा मार्गच उरलेला नाही हे सरकारनं पटवून घ्यायचं, आणि ग्रामसभेची स्वखुशीची, सगळं समजून दिलेली संमती घ्यायची, असं तो म्हणतो. त्याच कायद्यात आदिवासी नसलेल्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा वावर सिद्ध करावा लागतो. आमच्याकडं त्याची गंमत अशी की जुने कागद मोडीत, नवा अर्ज कन्नडात, आणि अर्जदाराला येतं मराठी. दीड हजार वर्षांचा ताम्रपट म्युझियममध्ये चालतो, पण म्हाताऱ्याच्या सारापावतीवर शिक्का पुसट म्हणून अर्ज परत येतो.

खानापूरचं रान कुणी खाल्लं ते बघायचं असेल तर मोटारसायकल काढा. खानापूरहून रामनगरकडं जाणारा रस्ता रुंद करताना किती मोठी झाडं आडवी झाली ते रस्त्यानं जाताना आठवा. कणकुंबीला जा, मलप्रभा उगम पावते तिथं हात जोडा, आणि मग म्हादई नदीचं पाणी मलप्रभेकडं वळवायच्या कळसा कालव्याचं खोदकाम बघा. पाणी कुणाला मिळावं, म्हादई कुणाची, त्या वादात मी आज पडत नाही. तो लवादानं २०१८ ला निवाडा दिल्यावरही मिटलेला नाही, माझ्यानं काय मिटणार. एवढंच म्हणतो की तो चर आत्तीच्या म्हशींनी उकरलेला नाही.

म्हशींवरून चौथा मुद्दा. गुरं चरली की जंगल संपतं म्हणे. असं खरंच मानून आपण एक प्रयोग करून बसलोय, भरतपूरला. केवलादेवचं पाणपक्ष्यांचं उद्यान. (ते तळंही राजानं शिकारीसाठी बंधारे घालून केलेलं, पण असो.) १९८२ ला तिथं म्हशी चारायला बंदी घातली. गावकरी चिडले, गोळीबार झाला, माणसं मेली. बंदी टिकली. मग गवत इतकं माजलं की पाण्याचा उघडा पृष्ठभागच उरेना, आणि पक्षी कमी व्हायला लागले. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीनं तिथं दहा वर्षं अभ्यास केला आणि अभ्यासातून निघालं काय, तर म्हशी गवत खाऊन पाणी मोकळं ठेवत होत्या. म्हणजे पक्ष्यांसाठी माणसं मारली आणि पक्षीही गेले.

आपल्या सह्याद्रीतल्या गवळी-धनगरांवर माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी अभ्यास केला होता, तो १९८२ सालीच छापून आला. माथ्यावर गवळी, खोऱ्यात कुणबी. गवळ्यांनी म्हशी राखायच्या, ताक घरात प्यायचं, लोणी खाली देऊन धान्य आणायचं. कुणबी शेती करणार, शिकारही करणार. गवळ्याचं पोट ताकावर भरायचं, त्यामुळं त्याला शिकारीची फारशी गरज पडायची नाही. दोन जाती एका रानात राहून एकमेकींच्या ताटात हात घालत नव्हत्या. नंतर रानं आकसली, चराई एकाच तुकड्यावर आली, आणि मग मात्र तो तुकडा खरंच उघडाबोडका झाला. म्हणजे चौथा मुद्दा अर्धा खरा आहे. शंभर म्हशी मोकळ्या डोंगरावर आणि शंभर म्हशी दहा एकरांत कोंडलेल्या, यात फरक असतो, एवढं गुरं राखलेल्या कुणालाही विचारा. आत्तीच्या घरचा खवा पूर्वी बेळगावला जायचा. कुंदा मिटक्या मारत खाताना आपल्याला म्हैस कुठं चरते याची चिंता कधी पडली नव्हती.

बाकीचे मुद्दे भराभर.

दुसरा, ०.०१ टक्का आणि ८३ टक्के. हा आकडा हवेतला नाही, २०१८ च्या एका गाजलेल्या अभ्यासातला आहे, आणि तो वाचून मीही गप्प झालो होतो. आज जगातल्या सस्तन प्राण्यांचं सगळं वजन तराजूत टाकलं तर ६० टक्के पाळीव जनावरं, ३६ टक्के माणसं, आणि हत्ती-देवमाशांसकट सगळे रानटी प्राणी मिळून ४ टक्के. भयानक आहे, मान्य. पण हे ६० टक्के म्हणजे आत्तीच्या दोन म्हशी नव्हेत. जगाच्या बाजारात मांस पुरवणारे प्रचंड गोठे आणि त्यांच्या खाद्यासाठी नांगरलेली लाखो एकर जमीन त्यात आहे. आकडा खरा, आणि त्याच्याखाली सातवा मुद्दा चिकटवणं ही बदमाशी.

तिसरा, व्हेनिसचे डॉल्फिन. खोटं. तो व्हिडिओ सार्डिनिया बेटावरच्या कालियारी बंदरातला होता, हे मार्च २०२० मध्येच उघड झालं होतं. कालव्याचं पाणी नितळ दिसलं ते बोटी थांबल्यामुळं गाळ खाली बसला म्हणून. सहा वर्षं झाली तरी ते डॉल्फिन पोहतच आहेत. लॉकडाउनमध्ये हवा स्वच्छ झाली हे मात्र खरं, पण ती गाड्या आणि धुराडी थांबल्यामुळं झाली. आत्तीच्या गावात लॉकडाउनमुळं फरक पडला तो एवढाच की शहरातली पोरं गावी आली आणि ओढ्यातले मासे संपले.

पाचवा, लोकसंख्या. यावर मी पुतण्यालाच विचारणार आहे. त्याच्याकडं दोन गाड्या, एक एसी, महिन्याला विमानाच्या दोन फेऱ्या. आत्तीकडं दोन म्हशी, चूल आणि नातीचा फोन. निम्मी माणसं कमी करायची तर कुणाच्या बाजूनं सुरुवात करू?

सहावा मात्र जरा थांबून बघण्यासारखा आहे, कारण तो चांगुलपणाचा आव आणून येतो. रिकामे माळ म्हणजे काय? जिल्ह्याच्या पूर्वेला, पावसाच्या कमतरतेच्या भागात, माळ हा काही उजाड झालेलं जंगल नसतो. गवताळ माळ ही स्वतःची एक जितीजागती सृष्टी आहे. लांडगा, खोकड, माळढोकासारखे पक्षी, मेंढपाळांचे कळप, सगळे त्या मोकळेपणावर जगतात. त्यावर रांगेत झाडं लावली की गवत जातं आणि गवताबरोबर हे सगळे जातात. लावतात ती झाडं तरी कुठली? वर्षानुवर्षं निलगिरी नाहीतर ऑस्ट्रेलियन बाभूळ. खाली गवताची काडी उगवत नाही, वर पक्षी घरटं करत नाही. शेवटी २०१७ ला कर्नाटक सरकारलाच निलगिरीच्या नव्या लागवडीवर बंदी घालावी लागली. याच्या उलट देवराया बघा. आमच्याकडं रवळनाथाची राई आहे, सातेरीची आहे. तिथं कुणी कोटी झाडं लावली नाहीत. तिथं फक्त लोकांनी ठरवलं की इथली वाळकी काडीसुद्धा घरी न्यायची नाही. भीतीनं ठरवलं असेल, भक्तीनं ठरवलं असेल, पण ठरवलं माणसांनीच. सगळ्या राया टिकल्यात असंही नाही. आमच्या एका राईत सिमेंटचं सभामंडप झालंय, त्यासाठी दोन जुनी झाडं गेली, आणि वर्गणीत माझे पाचशे रुपये आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्तीला फोन केला. रात्री विचार करून ठेवलेलं सगळं सांगितलं. अमेरिकेतले नकाशे, भरतपूरच्या म्हशी, सोलिगांची आग. ती मधेमधे "हां... हां" करत होती. भरतपूरचं ऐकून हसली. म्हणाली, "म्हशीला इचारलं असतं तर तिनं बी सांगितलं असतं की." मग म्हणाली की तो मेसेज कुणी टाकला ते तिला ठाऊक आहे, पोरगं लहान आहे, त्याला काही बोलू नको, गणपतीला येईल तेव्हा त्याला रानात घेऊन जाईन.

फोन ठेवता ठेवता एवढंच म्हणाली, "ते वाघाचं ऱ्हाऊ दे. त्या पोराच्या कंपूटरात दिसतंय काय बघ म्हणावं, गव्यांनी भात खाल्ल्यालं पैसे कुठं अडकल्यात ते."